इटालियन शब्दांच्या शेपट्या

फ्लोरेन्सच्या सांता मारिया देल कार्मिने चर्चमध्ये ब्रांकाची चॅपल नावाचं एक प्रार्थनागृह आहे. 1420च्या दशकात तिथली भित्तिचित्रं दोन चित्रकारांनी मिळून रंगवायला घेतली. दोघांचंही नाव तोम्माझो, लाडाने मासो. थोरल्याला लोक मासोलिनो म्हणत, धाकट्याला मासाच्चो. ‘-इनो’ लागला की शब्द लहान आणि गोड होतो. ‘-आच्चो’ लागला की ओबडधोबड, गबाळा, वाईट. सोळाव्या शतकातला चरित्रकार वाझारी सांगतो, की मासाच्चो मनाने अतिशय चांगला होता. कामापुढे त्याला कपड्यालत्त्याची शुद्ध नसे, म्हणून ते नाव पडलं.

एकच प्रत्यय आकारही सांगतो आणि बोलणाऱ्याचं मनही. ‘रागात्सो’ म्हणजे मुलगा. ‘रागात्सीनो’ म्हणजे लहानगा, ‘रागात्सोने’ म्हणजे चांगला धिप्पाड पोरगा आणि ‘रागात्साच्चो’ म्हणजे वाह्यात कार्टं. ‘पारोला’ म्हणजे शब्द, तर ‘पारोलाच्चा’ म्हणजे शिवी. वेगळं विशेषण जोडायची गरजच पडत नाही.

मोठेपणा दाखवणाऱ्या ‘-ओने’ची एक खोड मराठी माणसाला लगेच ओळखीची वाटेल. ‘पोर्ता’ म्हणजे दार, शब्द स्त्रीलिंगी. त्याचा ‘पोर्तोने’ झाला की तो इमारतीचा मोठा दरवाजा होतो आणि लिंगही बदलून पुल्लिंगी होतं. ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू, तोही स्त्रीलिंगी. त्याचा ‘पाल्लोने’, म्हणजे फुटबॉल, पुल्लिंगी. आपण डबी-डबा, दोरी-दोर म्हणतो तेव्हा हेच करतो.

मला सर्वांत आवडते ती वाद्यांची वंशावळ. मूळ शब्द ‘व्हिओला’. लहान व्हिओला तो ‘व्हिओलिनो’, म्हणजे आपलं व्हायोलिन. मोठा तो ‘व्हिओलोने’. पुढे व्हिओलोनेपेक्षा लहान वाद्य आलं, तेव्हा मोठेपणाच्या प्रत्ययावरच लहानपणाचा प्रत्यय चढवून ‘व्हिओलोनचेल्लो’ हा शब्द घडला. शब्दशः अर्थ, लहान मोठा व्हिओला! पुढे जगाने त्याचं ‘चेलो’ करून टाकलं. त्यात मूळ ‘व्हिओला’ पार गळून पडला आणि नुसता लघुत्वाचा प्रत्यय वाद्याचं नाव बनून राहिला. प्रत्ययाचं इतकं मोठं भाग्य क्वचितच पाहायला मिळतं.

अशी गोठलेली रूपं स्वयंपाकघरातही भरपूर आहेत. ‘स्पागो’ म्हणजे सुतळी, त्यावरून स्पागेत्ती. ‘व्हेर्मे’ म्हणजे किडा, त्यावरून व्हेर्मिचेल्ली.

शेवट सारखा दिसला म्हणून प्रत्यय असेलच असं मात्र नाही. ‘मात्तो’ म्हणजे वेडा, पण ‘मात्तोने’ म्हणजे वीट. ‘ताक्को’ म्हणजे बुटाची टाच, पण ‘ताक्कीनो’ म्हणजे टर्की पक्षी. इटालियन शाळांमधल्या व्याकरणात अशा फसव्या शब्दांची खास ओळख करून देतात.

आणि एखादं रूप एका अर्थात पक्कं बसलं, की बोलणारे दुसरा प्रत्यय शोधतात. ‘लिब्रो’ म्हणजे पुस्तक. ‘लिब्रेत्तो’ म्हणजे खरं तर छोटं पुस्तक, पण तो शब्द ऑपेराच्या संहितेने आणि बँकेच्या पासबुकाने अडवून ठेवलाय. त्यामुळे हातात मावणाऱ्या छोट्याशा पुस्तकाबद्दल प्रेमाने बोलायचं असेल, तर इटालियन माणूस ‘लिब्रिच्चीनो’ म्हणतो.