तोंडाचा आजार आणि मनाची घुसमट

सोलापुरात पाहुणचार म्हटला की ताटात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही आलंच. तोंडाचं जुनं दुखणं असलेल्या माणसाला हे ताट नको होतं. "घरून जेवून आलोय," म्हणत तो बाजूला बसतो. पुढे लग्नांना जाणंच टाळतो. दवाखान्यात त्याचं तोंड तपासतात, पण तो माणसांतून उठत चाललाय हे कुणी विचारत नाही.

मावा-गुटख्यामुळे होणारा सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे तोंड आतून आवळत जाण्याचा आजार, घ्या. सुपारीतल्या अरेकोलिन या द्रव्यामुळे गालाच्या आतल्या पेशी कोलॅजेनचे चिवट धागे जास्त बनवतात, आणि सुपारीतलं तांबं त्या धाग्यांची वीण आणखी घट्ट करतं. गाल आतून पांढुरका, ताठ होतो. एरवी तोंडात आपली तीन बोटं उभी मावतात. इथे दोन, मग एक. जरा तिखट लागलं की आग होते. व्यसन सुटलं तरी आवळलेला गाल सहसा पहिल्यासारखा होत नाही, आणि कॅन्सरची भीती डोक्यातून जात नाही. त्यात घरचे म्हणतात, "तूच ओढवून घेतलंस." अशा रुग्णांत नैराश्य आणि चिंता जास्त आढळते. बेचैनी वाढली की हात पुन्हा पुडीकडे जातो, कारण अरेकोलिन मेंदूवरही काम करतं. म्हणून नुसतं "सोड" म्हणणं मला अपुरं वाटतं, खरं तर निर्दयही.

दुसरं दुखणं बर्निंग माउथ सिंड्रोम. पाळी गेलेल्या बायकांत ते जास्त दिसतं. जीभ महिनोन्‌महिने जळते, पण तपासणीत काही सापडत नाही, मग "मनाचे खेळ आहेत" असं ऐकून घ्यावं लागतं. प्रत्यक्षात अशा रुग्णांच्या जिभेतले बारीक मज्जातंतू कमी झालेले आढळले आहेत. अर्थात आधी बी-१२, लोह आणि साखर तपासायलाच हवी.

नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते. लाळ कमी झाली की दात लवकर किडतात. म्हणून चालू असलेल्या गोळ्या दातांच्या डॉक्टरांना सांगाव्यात. परस्पर बंद करू नयेत.

डॉक्टरांनीही दोन प्रश्न विचारावेत: गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटतंय का? आवडीच्या गोष्टींत मन लागतंय का? उत्तर काळजीचं असेल तर सिव्हिलमधल्या मनोविकार विभागात पाठवावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतून बोलता येतं.