वर्गांक आणि विषयशीर्षक: ‘बुन्न’, ‘कहवा’ आणि ६३३.७३ यांची सांगड

ग्रंथालयातल्या पुस्तकाच्या पाठीवर ६३३.७३ हा वर्गांक आणि तालिकेत, म्हणजे ग्रंथसूचीत, ‘कॉफी’ हे विषयशीर्षक. एक अंकांत, दुसरं शब्दांत, पण दोन्ही नावं एकाच विषयाची, असं सहज वाटतं. अरबी विषयशीर्षकांना इंग्रजी-फ्रेंच शीर्षकं आणि ड्यूई वर्गांक जोडायचं काम या समजुतीने हाती घेतलं, तर पहिल्या शंभर शीर्षकांतच गाठी पडतात.

६३३.७३ चा अर्थ नुसता ‘कॉफी’ नाही. ‘शेती या शाखेतली कॉफी’ असा तो आहे. ड्यूई दशांश वर्गीकरण (पहिली आवृत्ती १८७६) आधी ज्ञानशाखा विचारतं, वस्तू नंतर. म्हणून एकच कॉफी सगळ्या मांडण्यांवर विखुरते. लागवड ६३३.७३ला, उत्पादनाचं अर्थशास्त्र ३३८.१७३७३ला, खाद्यवस्तू म्हणून कॉफी ६४१.३३७३ला, घरी पेय करणं ६४१.८७७ला, कारखान्यातली प्रक्रिया ६६३.९३ला. कॉफीहाउसं तर ६४७.९५ला, इतर उपाहारगृहांच्या शेजारी. विषयशीर्षक नेमकं उलटं काम करतं. शाखा कुठलीही असो, कॉफीवरचं सगळं ते एका शब्दाखाली गोळा करतं. शिवाय पुस्तक मांडणीत एकाच जागी उभं राहतं, त्यामुळे त्याला चिकटणारा वर्गांक एकच. शीर्षकं मात्र दोन, तीन, गरज पडली तर जास्तही देता येतात. मार्क २१ या संगणकीय नोंदपद्धतीत प्रत्येक माहितीला क्रमांकाचं क्षेत्र असतं; पुस्तकाच्या नोंदीत वर्गांक ०८२ क्षेत्रात असतो आणि विषयशीर्षक ६५० मध्ये. ही क्षेत्रं वेगळी ठेवण्यामागचं कारण हेच.

आता अरबीकडे. अरबीत झाड आणि दाणा म्हणजे ‘बुन्न’, आणि पेय म्हणजे ‘कहवा’. (जुन्या मराठीत कॉफीच्या दाण्याला ‘बुंद’ म्हणत, तो शब्द याच ‘बुन्न’वरून आला.) इंग्रजीत दोन्हींना ‘कॉफी’ हा एकच शब्द चालतो. फ्रेंचमध्ये झाड ‘काफेये’ आणि दाणा व पेय दोन्ही ‘काफे’. म्हणजे तीन भाषांनी एकच वस्तू तीन वेगळ्या ठिकाणी कापली आहे. त्यात इजिप्तच्या बोलीत ‘कहवा’ म्हणजे जिथे बसून ती पितात ते ठिकाणसुद्धा. प्रमाण अरबीत त्याला ‘मकहा’ आणि अनेकवचनी ‘मकाही’ म्हणतात. पेयाच्या शीर्षकाला ६४७.९५ चिकटलेला दिसला, तर कुणीतरी बोलीतला अर्थ धरून दुवा जोडलाय हे ओळखावं.

वर्गांक कुठल्याही भाषेत तोच राहतो, तेव्हा तोच पूल मानावा, हा मोह इथे फार मोठा असतो. ज्या अरबी आणि इंग्रजी शीर्षकांचा वर्गांक सारखा, ती समानार्थी, असं संगणकाला सांगितलं की तक्ता एका रात्रीत तयार होतो. पण ६४७.९५ खाली कॉफीहाउसं, खाणावळी, उपाहारगृहं सगळी येतात. तो क्रमांक सामायिक असल्याने ‘मकाही’ आणि ‘उपाहारगृहं’ समानार्थी ठरत नाहीत. उलट बाजूने ‘बुन्न’ या एका शीर्षकाला चार-पाच वर्गांक रास्तपणे लागू होतात. दुवा नेहमी संकल्पनेकडून संकल्पनेकडे जोडायचा. वर्गांक त्या दुव्याचा साक्षीदार म्हणून चालेल, पूल म्हणून नाही.

प्रत्यक्ष काम असं करता येतं. प्रत्येक संकल्पनेची एक प्राधिकार नोंद, म्हणजे पुस्तकाची नव्हे तर शीर्षकाचीच नोंद, करावी. १५० क्षेत्रात निवडलेलं अरबी शीर्षक. ४५० मध्ये त्याचे पर्याय, आणि अरबीत या क्षेत्राला खरा भार पेलावा लागतो. टोमॅटो इजिप्तमध्ये ‘तमातिम’ आणि शाम प्रदेशात, म्हणजे सीरिया-लेबनॉनकडे, ‘बंदूरा’. संगणक कुठे ‘हासूब’, कुठे ‘हासिब आली’, कुठे सरळ ‘कम्प्यूतर’. बँकेला ‘मसरफ’ आणि ‘बंक’ दोन्ही. यांतला एक शब्द निवडून बाकीचे ४५० मध्ये घातले नाहीत, तर बैरूतचा वाचक आणि कैरोचा वाचक एकाच ग्रंथालयात दोन वेगळे साठे पाहतात. ५५० मध्ये संबंधित, व्यापक आणि संकुचित शीर्षकं: ‘बुन्न’कडून ‘कहवा’कडे, ‘कहवा’कडून ‘मकाही’कडे.

परभाषी शीर्षक ७५० क्षेत्रात जातं. इथे दुसरा निर्देशक, म्हणजे शीर्षक कुठल्या यादीतलं हे सांगणारा एक अंक, काळजीने भरावा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यादीसाठी ०. कॅनडातल्या लावाल विद्यापीठाच्या फ्रेंच यादीसाठी ६. फ्रान्समधल्या ‘रामो’ यादीसाठी ७, आणि सोबत उगमाचा संकेत. ‘रामो’ लावालच्या यादीतूनच वाढली, त्यामुळे शब्द बरेचदा सारखे दिसतात आणि ६ च्या जागी ७ किंवा ७ च्या जागी ६ पडतो. नोंद डोळ्यांना बरोबर वाटते, पण पुढे आपोआप होणारी अद्ययावतता भलत्या यादीकडून येत राहते.

वर्गांकासाठी प्राधिकार नोंदीत ०८३ हे क्षेत्र आहे. ते पुन्हा पुन्हा वापरता येतं आणि वापरायलाच हवं. ‘बुन्न’साठी ६३३.७३ आणि ३३८.१७३७३, ‘कहवा’साठी ६४१.८७७, असं वेगवेगळं. पण नुसते अंक ओळीने लिहिले तर तालिकाकार त्यातला पहिला उचलतो. म्हणून प्रत्येक अंकाचं क्षेत्र टिपेत लिहावं: लागवड, अर्थशास्त्र, पाककृती. शाखेचं हे नाव कुठून काढायचं याला ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची साखळी पद्धत आजही उत्तम वाट दाखवते. ६३३.७३०९५३३ हा अंक उलट्या क्रमाने उलगडत गेलं की येमेन, मग कॉफी, मग शेती अशा कड्या मिळतात. शेवटची कडी म्हणजेच दुव्याची अट. यातलं ०९ हे इतिहास-भूगोलाचं प्रमाण उपविभाजन, ५३३ हा येमेनचा. शीर्षकात हेच ‘बुन्न, येमेन, इतिहास’ असं उपशीर्षकांनी येतं. स्थळ आणि काळ जोडलेल्या अशा प्रत्येक शीर्षकाला वेगळा वर्गांक साठवत बसू नये. मूळ शीर्षकाला मूळ अंक जोडावा, उरलेलं ड्यूईच्या सहायक तक्त्यांतून बांधता येतं.

दुव्याची जातही नोंदवावी. नेमकी जुळणी, जवळची जुळणी, व्यापक आणि संकुचित जुळणी हे भेद शब्दसूच्या एकमेकींना जोडण्यासाठीच्या, २००९ मध्ये प्रमाण झालेल्या स्कॉस आराखड्यात आहेत. ‘बुन्न’ आणि इंग्रजी ‘कॉफी’ यांची जुळणी व्यापक आहे, नेमकी नाही. ती नेमकी म्हणून नोंदली की इंग्रजीतून शोधणाऱ्याला लागवडीची पुस्तकं मिळतात आणि पेयाची निसटतात. वेबड्यूईमध्ये, म्हणजे ड्यूईच्या ऑनलाइन आवृत्तीत, लायब्ररी ऑफ काँग्रेसची जी शीर्षकं वर्गांकांशी जोडलेली दिसतात, त्यांतली काही संपादकांनी जोडलेली आहेत, तर काही फक्त नोंदींमध्ये सोबत आढळली म्हणून संख्याशास्त्राने आलेली. दुसऱ्या प्रकारच्या जोड्या सुचवणी म्हणून घ्याव्यात, तशाच उतरवू नयेत.

लिपीच्या अडचणी त्याहून चिवट. ‘अल’ हे उपपद अनुक्रम लावताना वगळायचं असतं, नाहीतर अर्धी यादी अलिफ या पहिल्या अक्षराखाली जमते. पण १५० क्षेत्राचे दोन्ही निर्देशक रिकामे असतात, किती अक्षरं सोडायची हे तिथे सांगता येत नाही. मग प्रणालीत नियम लिहावा लागतो, आणि त्या नियमाच्या पायऱ्यांचा क्रम चुकला की घोटाळा होतो. हम्ज़ा (अक्षरावर येणारं छोटं चिन्ह) असलेला अलिफ साध्या अलिफात बदलणं ही एक पायरी, ‘अल’ काढणं ही दुसरी. हम्ज़ाची पायरी आधी ठेवली तर ‘अल्मानिया’, म्हणजे जर्मनी, यातलं मुळातलं ‘अल’ उपपद समजून कापलं जातं आणि देश ‘मानिया’ होऊन मीम या अक्षराखाली जाऊन बसतो. म्हणून आधी उपपद काढावं, मग हम्ज़ा सरळ करावा. शिवाय हम्ज़ा न देता टंकलेल्या शब्दांसाठी अपवादांची यादी ठेवावी.

अंकांचंही तसंच. इजिप्तमध्ये पूर्वेकडचे अरबी अंक चालतात, त्यांचं दशांशचिन्हही वेगळं. मोरोक्को-ट्युनिशियात युरोपीय अंक. ०८२ मध्ये दोन्ही प्रकार शिरले की एकच वर्गांक शोधात दोन होतो. देवनागरी अंक वापरणाऱ्या मराठी ग्रंथालयांनाही हा धोका तेवढाच आहे. उपाय एकच: साठवताना एकच अंकसंच, दाखवताना वाचकाचा.

सगळ्यात खोल फट मात्र इस्लामच्या वर्गांकात आहे. ड्यूईत इस्लामला २९७ मिळतो: सूफी परंपरा २९७.४, जकात २९७.५४, प्रेषितांचं चरित्र २९७.६३, इस्लामी कायदा मात्र ३४०.५९. मुख्य धर्मालाच इतकी अरुंद जागा अरबी ग्रंथालयांना पुरणार कशी? म्हणून अरबी रूपांतरांत २१० ते २१९ हा पट्टा इस्लामला देण्याची प्रथा पडली आणि ती अनेक ठिकाणी टिकून आहे. ते योग्यच होतं, पण मूळ ड्यूईत २१५ म्हणजे विज्ञान आणि धर्म. अशा ग्रंथालयाच्या नोंदी अनेक ग्रंथालयांच्या संयुक्त तालिकेत जशाच्या तशा ओतल्या तर इस्लामविषयक शीर्षकांना धर्माच्या तत्त्वज्ञानाचे वर्गांक चिकटतात. म्हणून प्रत्येक वर्गांकासोबत, त्याच क्षेत्राच्या उपक्षेत्र २ मध्ये, ड्यूईच्या आवृत्तीचा संकेत हवाच, आणि स्थानिक रूपांतरातले अंक वेगळ्या क्षेत्रात ठेवावेत. आवृत्तीचा हा संकेत इतरत्रही लागतो. संगणकशास्त्र १९व्या आवृत्तीत ००१.६ला होतं, १९८५ मध्ये ते ००४ ते ००६ या पट्ट्यात हललं. ‘हासूब’ हे शीर्षक जागचं हललं नाही, त्याचा वर्गांक मात्र पार बदलला. आवृत्ती लिहिलेली असेल तर असे जुने दुवे एका शोधात वेगळे काढून तपासता येतात. नसेल तर एकेक नोंद उघडून पाहावी लागते.