कट रश्श्यावर, थर भिंतीत

कोल्हापुरात कुणाला हार्ट ॲटॅक आला की पहिला ठपका तांबड्या रश्श्यावर. वर तरंगणारा लालभडक कट बघितला की मोरीचा तुंबलेला पाइपच डोळ्यांपुढे येतो. धमनीत मात्र चरबी अशी आतून लिंपली जात नाही. ती भिंतीच्या पोटात, अस्तराखाली साठते.

हे अस्तर म्हणजे एंडोथेलियम, पेशींचा जेमतेम एक थर. कोटाच्या अस्तराइतकंच त्याचं काम, असं शास्त्रज्ञही बरीच वर्षं धरून चालले होते. मग अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत एक घोळ झाला. सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर असिटिलकोलिन हे मज्जातंतूंचं निरोप्या रसायन घातलं, तर काही सैलावायच्या, काही उलट आवळायच्या. शेवटी उलगडलं: आवळणाऱ्या पट्ट्यांचं अस्तर तयारी करतानाच खरवडलं गेलं होतं! हे १९८० साली छापून आलं. म्हणजे धमनी सैलावणारा पदार्थ अस्तरातूनच सुटत होता. तो नायट्रिक ऑक्साइड वायू निघाला, आणि १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल फर्चगॉट आणि याच विषयावर काम करणारे इग्नॅरो, मुराद यांना मिळालं.

काही सेकंदच टिकणारा हा वायू धमनी सैल ठेवतो, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी चिकटू देत नाही. सिगारेट, वाढलेलं बीपी, साखर यांनी अस्तर आजारलं की तो घटतो. मग एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, भिंतीत मुरतं, त्यामागं पांढऱ्या पेशी शिरतात, ते गिळून फुगतात आणि तिथंच मरतात. रस्सा अगदीच निर्दोष नाही म्हणा. मटणाच्या चरबीनं एलडीएल वाढतंच.

पण चरबीचा हा थर सगळीकडं सारखा बसत नाही. पंचगंगेचा गाळ बघा, वळणाच्या आतल्या, संथ अंगाला धरतो. धमनीतही फाटे फुटतात, वळणं येतात, तिथंच रोग धरतो. कारण मात्र वेगळं. सरळ वाहतं रक्त अस्तराला घासत जातं आणि त्या घासण्यानंच वायू सुटतो. जिथं प्रवाह मंदावतो, घुटमळतो, तिथं अस्तर सुस्तावतं. रंकाळा तलावाला भरभर फेरी मारताना हे घासणं वाढतं.

बऱ्याचदा ॲटॅक येतो तो थर हळूहळू वाढून नव्हे, तर त्यावरचा पापुद्रा अचानक फाटून. उघड्या पडलेल्या जागी रक्ताची गाठ धरते. धमनी अर्धीसुद्धा अरुंद नसताना हे होऊ शकतं.

छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी हाच वायू शरीरात तयार करते. तो थेट धमनीच्या स्नायूला सैलावतो, अस्तर आजारी असलं तरी.