एसडब्ल्यूआरचा तळ वेगळा, अनुनाद वेगळा

नवी अँटेना उभी राहिली की एसडब्ल्यूआर (स्टँडिंग वेव्ह रेशो, म्हणजे अँटेना केबलशी किती जुळते याचं माप; 1 म्हणजे पूर्ण जुळणी) कोणत्या वारंवारतेला सर्वांत खाली येतो ते पाहायचं आणि तीच अनुनाद वारंवारता मानायची, ही हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींची जुनी सवय. साध्या डायपोलवर (मधोमध केबल जोडलेल्या दोन भुजांच्या अँटेनावर) ती फारशी नडत नाही. पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अनुनादाला अँटेनाचा रिॲक्टन्स (ऊर्जा खर्च न करता साठवून परत करणारा, कॉइल-कपॅसिटरसारखा विरोध) शून्य होतो आणि नुसता रोध उरतो. तो किती असावा याची अट नाही. एसडब्ल्यूआर मात्र अँटेनाचा इम्पीडन्स (रोध आणि रिॲक्टन्स मिळून) रेडिओ आणि केबलच्या 50 ओहमच्या किती जवळ आहे, एवढंच सांगतो.

पाव तरंगलांबीच्या उभ्या अँटेनात हा फरक लख्ख दिसतो. 14.2 मेगाहर्ट्झसाठी ती साधारण 5 मीटर उंच. आदर्श जमिनीवर, अनुनादाला तिचा रोध 36 ओहमच्या आसपास, म्हणजे एसडब्ल्यूआर 1.4. आता रेडियल (अँटेनाच्या बुडापासून जमिनीवर पसरलेल्या तारा) मोजकेच टाकले आणि जमिनीतल्या तोट्याचे 14 ओहम त्यात मिसळले, तर बेरीज 50 आणि एसडब्ल्यूआर थेट 1! पण 28 टक्के शक्ती माती तापवण्यात जाते. रेडियल वाढवले की तोटा घटतो, अँटेना सुधारते आणि एसडब्ल्यूआर चढतो. तो चढला म्हणून रेडियल काढून टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती. शिवाय वारंवारतेबरोबर रोधही वाढतो, त्यामुळे चांगल्या जमिनीवर एसडब्ल्यूआरचा तळ अनुनादाच्या किंचित वर सापडतो.

अनुनादच हवा असेल, तर नॅनोव्हीएनएवर (अँटेना मोजायच्या छोट्या उपकरणावर) रिॲक्टन्स ऋणाकडून धनाकडे जाताना शून्य कुठे ओलांडतो ते पाहा. तेही केबलच्या खोलीतल्या टोकाला नाही. 50 ओहमच्या कोॲक्स केबलची लांबी बदलली तरी एसडब्ल्यूआर जवळपास तोच राहतो, केबलमधल्या तोट्यानं थोडा कमी दिसतो इतकंच; रिॲक्टन्स मात्र पार बदलतो. म्हणून उपकरण फीडपॉइंटलाच (केबल अँटेनाला जिथे जोडतात तिथेच) जोडा, नाहीतर ओपन, शॉर्ट, लोड (टोक उघडं ठेवून, जोडून आणि 50 ओहम लावून) हे कॅलिब्रेशन केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला करा. रिॲक्टन्स ऋण आला तर अँटेना आखूड आहे, धन आला तर लांब.

अनुनाद साधल्यावरही 36 ओहम 50 शी जुळवायचे राहतातच. त्यासाठी अँटेना मुद्दाम थोडी आखूड करून फीडपॉइंटला समांतर छोटी कॉइल लावतात. तेव्हा एसडब्ल्यूआर 1 येतो आणि खुद्द अँटेना त्या वारंवारतेला अनुनादात नसते.