लेझर नव्हे, छिन्नी

सौदी अरेबियातल्या तैमाजवळच्या अल-नस्ला खडकाचा फोटो पुन्हा व्हॉट्सॲपवर फिरतोय. सुरीनं कापल्यासारखी मधोमध सरळ फट, आणि खाली मजकूर: ‘परग्रहवासीयांचा लेझर!’ वालुकाश्मात ताणामुळे अशा सपाट भेगा आपोआप पडतात. भूशास्त्रात त्यांना सांधे म्हणतात. झीज होत होत फट रुंदावते. परग्रहावर जायची काही गरज नाही.

याच वायव्य अरबस्तानात माणसांनी दगडात केलेलं काम मात्र थक्क करणारं आहे, आणि ते कुणी फॉरवर्ड करत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. तैमात बाबिलोनचा राजा नबोनिडस इ.स.पू. सहाव्या शतकात दहाएक वर्षं येऊन राहिला. अल-उलाच्या खोऱ्यात दादान आणि लिह्यान ही राज्यं नांदली. पुढे आले जॉर्डनमधल्या पेत्राचे नबाती लोक, धूपाच्या व्यापारावर गब्बर झालेले. अल-उलाजवळच्या हेग्रा इथे त्यांनी टेकड्यांमध्ये शंभराहून अधिक थडगी कोरली. 2008 साली हे ठिकाण जागतिक वारसा यादीत आलं.

ती कशी कोरली, हे कस्र अल-फरीद या अर्धवट राहिलेल्या थडग्यावर स्पष्ट दिसतं. माथ्यावरची पायऱ्यांची नक्षी आणि कंगोरे घासूनपुसून तयार. खाली यावं तसे छिन्नीचे घाव दिसू लागतात, आणि तळाशी नुसता ओबडधोबड कातळ. म्हणजे काम वरून खाली झालं. पाथरवट आधी माथ्याजवळ उभं राहण्यापुरता कट्टा खोदत, समोरचा भाग पुरा करत, मग पायाखालचाच दगड फोडून एक टप्पा खाली उतरत. त्यामुळे जमिनीपासून उंच परांची बांधावी लागत नव्हती. वाळवंटात तेवढं लाकूड आणायचं कुठून? शिवाय उडणाऱ्या कपच्या खाली पडत, वरच्या तयार नक्षीला धक्का लागत नसे. वेरूळचं कैलास लेणंही असंच वरून खाली उतरत गेलं. फक्त तिथे कठीण बेसाल्ट होता, इथे मऊ वालुकाश्म.

आणि हे कारागीर निनावी नाहीत. अनेक थडग्यांवर मालकाचं नाव, राजाचं राज्यवर्ष आणि पाथरवटाचं नाव कोरलेलं आहे. अब्दोबोदतचा मुलगा अफ्तह हा त्यांतलाच एक. काही कोरीव लेखांत तर थडगं कुणी विकलं किंवा गहाण टाकलं, तर दुशरा देवाला आणि राजाला किती दंड भरायचा, तेही लिहून ठेवलंय.