निवास व न्याहारी (नाशिक परिसर)

गावाकडच्या राहत्या घरात पैसे घेऊन पाहुण्याला रात्रीचा मुक्काम आणि सकाळचा नाष्टा द्यायची पद्धत. सरकारी कागदावर हे नाव, बोलताना सगळे होमस्टे नाहीतर फार्मस्टेच म्हणतात.

नाशकात ही पद्धत किती जुनी यावर बोलताना पांडवलेण्यांतल्या 10 नंबरच्या लेण्यातला लेख हमखास पुढे येतो. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने भरुकच्छ (भडोच), दशपूर (मंदसौर), गोवर्धन आणि शूर्पारक (सोपारा) इथे ‘चतुशालावसधप्रतिश्रय’ दिले असं त्यात आहे, आणि हे गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूर रोडवरचं गोवर्धन गाव असं बहुतेक अभ्यासक धरतात. अडचण आहे ती त्या लांबलचक समासाची, कोणी तो सलग वाचून ‘चौसोपी विश्रांतिगृहांचा आसरा’ असा अर्थ लावतं तर कोणी चौसोपी वाडे, घरं आणि उतारशाळा अशा तीन वेगळ्या गोष्टी काढतं. पहिलं वाचन जास्त पटतं, कारण चारही गावं व्यापाराच्या वाटेवरची. काळाचंही तसंच, नहपानाच्या लेखांतली 41 ते 46 ही वर्षं शक संवताची धरली तर साधारण इ.स. 119 ते 124 येतं, पण ती त्याच्या राज्यवर्षांची मानणारे त्याला पहिल्या शतकात नेतात. काही असो, ते दान होतं, तिथे उतरणारा कोणाच्या घरचा पाहुणा नव्हता, म्हणून आजच्या होमस्टेचं मूळ तिथे शोधणं जरा ओढूनताणून वाटतं.

आजच्या पद्धतीचा जीव घरमालकात आहे. केंद्र सरकारच्या निवास व न्याहारी योजनेतही मालक त्याच घरात राहणारा हवा, खोल्या 1 ते 6, खाटा फार तर 12, श्रेणी सुवर्ण आणि रौप्य. शेतावरच्या फार्मस्टेसाठी राज्याचं कृषी पर्यटन धोरण आहे, ते 2020 चं. नुसता बंगला भाड्याने देऊन चावी वॉचमनकडे ठेवली तर त्याला निवास व न्याहारी म्हणू नये, आपल्याला आल्या आल्या पाणी विचारणारं माणूस दारात असलं पाहिजे.

गंगापूर धरणाच्या कडेला, त्र्यंबक रोडला, दिंडोरीकडे अशी घरं आहेत. नाष्ट्याला पोहे नाहीतर मिसळ, पेठ-सुरगाण्याकडे नागलीची (नाचणीची) भाकरी. द्राक्षाची काढणी जानेवारी ते मार्च, तेव्हा घरची माणसं सकाळीच बागेत जातात, त्यामुळे चहा-नाष्टाही लवकर होतो.