छातीवरून काढलेला हृदयाचा विद्युत नकाशा

निरोगी हृदयात प्रत्येक ठोक्याची सुरुवात उजव्या कर्णिकेच्या वरच्या भागातील सायनस गाठीपासून होते. तेथून निघालेली विद्युत लाट दोन्ही कर्णिकांवर पसरते, मधल्या एव्ही गाठीत क्षणभर रेंगाळते आणि मग खालच्या जवनिकांमध्ये उतरते. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातले ‘एएफ’, या विकारात ही शिस्त मोडते. कर्णिकांमध्ये मिनिटाला ३५० ते ६०० या गतीने लाटा उठतात, एकमेकींवर आदळतात, फुटतात आणि पुन्हा उठतात; एव्ही गाठ त्यांतल्या थोड्याच खाली जाऊ देते, म्हणून नाडी अनियमित लागते. कर्णिका नीट आकुंचन पावत नसल्यामुळे डाव्या कर्णिकेच्या कोपऱ्यात रक्त साचून त्याची गुठळी होऊ शकते, आणि म्हणूनच या रुग्णांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो.

एएफ चालू असताना काढलेला साधा ईसीजी तो आहे हे निर्विवादपणे सांगतो. एएफ कर्णिकेच्या कोणत्या भागातून चालवला जात आहे, हे मात्र बारा लीडच्या कागदावरून कळत नाही. फ्रान्समधील बोर्दो येथे मिशेल हैसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ४५ रुग्णांच्या हृदयात कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून मोजणी केली, तेव्हा झटके सुरू करणारी ९४ टक्के केंद्रे फुप्फुस नीलांच्या आत सापडली. त्या नीला कर्णिकेपासून विद्युतदृष्ट्या अलग करणे हा तेव्हापासून अ‍ॅब्लेशनचा, म्हणजे हृदयातील ठरावीक जागा जाळून निकामी करण्याच्या उपचाराचा, पाया झाला. अधूनमधून येणाऱ्या एएफमध्ये हा उपाय चांगला चालतो. महिनोन्महिने टिकून राहिलेल्या एएफमध्ये त्याचे यश घटते. मग नीलांखेरीज आणखी ठिकाणी जाळले तर? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५८९ रुग्णांच्या ‘स्टार एएफ टू’ चाचणीत हे तपासले गेले. दीड वर्षानंतर केवळ नीला अलग केलेल्या गटात ५९ टक्के रुग्ण एएफमुक्त होते, तर जादा अ‍ॅब्लेशन केलेल्या दोन गटांत हे प्रमाण ४९ आणि ४६ टक्के होते. सर्वांना एकाच साच्यातले जादा जाळणे उपयोगाचे नाही, इतके त्यातून स्पष्ट झाले. या विशिष्ट रुग्णाच्या कर्णिकेत दोष कोठे आहे, हा प्रश्न उरला, आणि शरीरात काहीही न घालता त्याचे उत्तर मिळवण्याचा प्रयत्न म्हणजे ‘इलेक्ट्रोकार्डिओग्राफिक इमेजिंग’.

यात रुग्णाच्या अंगावर छाती आणि पाठ झाकणारे एक जाकीट चढवतात. सर्वाधिक वापरल्या गेलेल्या प्रणालीत त्यावर २५२ इलेक्ट्रोड असतात. जाकीट अंगावर असतानाच सीटी स्कॅन काढला जातो, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोड हृदयाच्या पृष्ठभागापासून नेमका कोठे आणि किती अंतरावर आहे, हे संगणकाला कळते. पुढचे काम गणिताचे आहे: त्वचेवर मोजलेल्या विद्युतदाबावरून हृदयाच्या बाह्य पृष्ठभागावरचा विद्युतदाब काढायचा.

हे वाटते तितके सरळ नाही. हृदयावरचा विद्युतदाब माहीत असेल तर त्वचेवर काय दिसेल हे काढता येते. त्वचेवरून हृदयाकडे जाणे मात्र फार कठीण; परिणामावरून कारणाकडे उलटे जायचे असल्यामुळे गणिती त्याला व्यस्त प्रश्न म्हणतात. वाहकाच्या पृष्ठभागावरील मोजणीवरून आतील विद्युतस्रोतांची रचना एकमेव ठरत नाही, हे हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्येच दाखवले होते. स्रोत शोधण्याऐवजी हृदयाच्या पृष्ठभागावरचा दाब एवढेच विचारले तर उत्तर एकमेव ठरते, पण दुसरी अडचण उभी राहते. छातीच्या मांसातून आणि फुप्फुसांतून बाहेर येताना संकेतातले बारकावे पुसट होतात, त्यामुळे उलट गणित करताना मोजणीतली किरकोळ चूक उत्तरात प्रचंड मोठी होऊन येते. बंद खोलीत बसून मिरवणूक कोणत्या गल्लीत आहे हे ढोलांच्या आवाजावरून ओळखता येते, पण कोणाच्या ढोलाचे कातडे सैल झाले आहे हे सांगता येत नाही. तसाच हा प्रकार आहे. उत्तर बेफाम होऊ नये म्हणून गणिती त्यावर गुळगुळीतपणाची अट लादतात. ही पद्धत रशियन गणितज्ञ आंद्रेई तिखोनोव यांच्या नावाने ओळखली जाते. अट कडक केली की नकाशा स्थिर होतो पण बारकावे जातात, सैल केली की बारकाव्यांसोबत खोटी चिन्हेही उमटतात. योराम रूडी यांच्या गटाने अमेरिकेत दीर्घकाळ या प्रश्नावर काम केले आणि २००४ मध्ये माणसांवर काढलेले नकाशे प्रसिद्ध केले.

एएफमध्ये तर आणखी एक अडसर आहे. कर्णिकांचा संकेत त्वचेवर मिलिव्होल्टच्या दहाव्या भागाइतका क्षीण असतो, आणि जवनिकांचा कितीतरी मोठा संकेत वारंवार त्यावर चढतो. म्हणून बोर्दोच्या गटाने दोन ठोक्यांमधले लांब विराम निवडले, आणि ते आपोआप मिळाले नाहीत तर डिल्टियाझेम हे औषध देऊन जवनिकांची गती कमी केली.

यातून काय दिसले, ते सांगताना मला दोन अभ्यास शेजारी ठेवावेसे वाटतात. २०१० मध्ये रूडी आणि सेंट लुइसमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी २६ रुग्णांचे नकाशे प्रसिद्ध केले. त्यांत एकाच वेळी पसरणाऱ्या अनेक लाटा ९२ टक्के रुग्णांमध्ये होत्या, आणि एका जागी गरगर फिरणारी लाट, जिला रोटर म्हणतात, ती केवळ १५ टक्के रुग्णांमध्ये. २०१४ मध्ये बोर्दोच्या गटाने टिकाऊ एएफच्या १०३ रुग्णांची पाहणी केली. त्यांनी नोंदलेल्या चालक, म्हणजे एएफ चालवत ठेवणाऱ्या, घटनांपैकी ८० टक्के गरगर फिरत्या लाटा होत्या. एका अभ्यासात रुग्ण मोजले आणि दुसऱ्यात घटना, हे लक्षात घेतले तरी चित्र फार वेगळे आहे. मूळ तंत्र तेच असूनही निष्कर्ष इतका बदलतो, याचे एक मोठे कारण संकेतावरच्या प्रक्रियेत आहे. बोर्दोच्या पद्धतीत प्रत्येक बिंदूच्या संकेताचे कलेत (फेज, म्हणजे तो बिंदू आपल्या चक्राच्या कोणत्या टप्प्यावर आहे) रूपांतर करून मग चित्र काढतात. ही रीत फिरती लाट ठळक दाखवते, पण आधीच पुसट झालेल्या संकेतातून ती नसलेली फिरती लाटही उभी करू शकते. पडद्यावर रंगीत चक्र फिरताना दिसले की ते प्रत्यक्ष पाहिल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ते गणिताचे फलित असते, हे या क्षेत्रात पुष्कळदा विसरले गेले असे माझे मत आहे.

नकाशाची खरी कसोटी हृदयाला टेकवलेल्या इलेक्ट्रोडशी तुलना करूनच लागते. खुद्द बोर्दोमधूनच २०१९ मध्ये अशी तुलना प्रसिद्ध झाली. ५५ रुग्णांमध्ये त्वचेवरून काढलेले आणि प्रत्यक्ष स्पर्शाने घेतलेले, प्रामुख्याने जवनिकांचे नकाशे ताडून पाहिले, तेव्हा लाटेच्या आगमनाची वेळ सरासरीने जवळजवळ जुळतच नव्हती. ईसीजीतील क्यूआरएस, म्हणजे जवनिकांच्या ठोक्याची खूण, रुंद असलेल्या रुग्णांमध्ये मेळ बराच बरा होता. कर्णिकांची भिंत पातळ आणि संकेत क्षीण, तेव्हा तेथे याहून अधिक अचूकतेची अपेक्षा करता येणार नाही. दोन कर्णिकांमधला पडदा तर या नकाशात सरळ दिसतच नाही, कारण तो हृदयाच्या बाह्य पृष्ठभागाचा भाग नाही.

मग उपचारात याचा उपयोग किती? बोर्दोच्या रुग्णांमध्ये नकाशावरून अ‍ॅब्लेशन करताना सरासरी २८ मिनिटांचे जाळणे पुरले. तुलनेच्या गटात ६५ मिनिटे लागली होती. युरोपातील आठ केंद्रांत ११८ रुग्णांवर झालेल्या पुढच्या अभ्यासात वर्षभरानंतर सुमारे तीन-चतुर्थांश रुग्ण एएफमुक्त होते, परंतु त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना कर्णिकेच्या दुसऱ्या जलद लयीचा त्रास झाला, आणि या अभ्यासात तुलनेसाठी गट नव्हता. भारतीय वाचकाने एवढे ध्यानात ठेवावे की आपल्याकडे संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप अरुंद झालेल्या एएफच्या रुग्णांची संख्या मोठी आहे. त्यांची कर्णिका फुगलेली आणि व्रणांनी भरलेली असते, त्यामुळे वरचे आकडे त्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

या सगळ्यात बोर्दोची एक नोंद मला सर्वांत भक्कम वाटते, कारण ती एखाद्या रोटरच्या नेमक्या जागेवर अवलंबून नाही. नेहमीच्या लयीत असताना तपासायला आलेल्या रुग्णांमध्ये अ‍ॅब्लेशनसाठी निवडलेली क्षेत्रे दोन होती. एक ते तीन महिने सलग एएफ असलेल्यांमध्ये तीन, चार ते सहा महिने असलेल्यांमध्ये चार, आणि त्याहून जुन्यात सहा. सहा महिन्यांनंतर अ‍ॅब्लेशनच्या वेळी एएफ थांबण्याचे प्रमाणही झपाट्याने घसरत होते. कॅथेटर घालण्यापूर्वीच रोग दोन जागी आहे की सगळीकडे पसरला आहे, एवढे जरी या जाकिटाने सांगितले, तरी अ‍ॅब्लेशन करायचे की औषधांनी गती आवरून ठेवायची, हे रुग्णासोबत ठरवण्यासाठी डॉक्टरांच्या हाती आधार येतो.